गादी, वंगण आणि डांबर

२०१३ च्या जून महिन्यात, पावसाच्या दिवसांत, मुलुंडमध्ये एक हत्तीण कोसळली. तिचे नाव बिजली, वय अठ्ठावन्नच्या आसपास. आयुष्याचा बहुतेक काळ तिने मुंबईच्या आणि उपनगरांच्या रस्त्यांवर काढला होता. लग्नाच्या वरातीत ती सजून उभी राहिली. एरवी दुकानांच्या रांगेसमोरून सोंड पुढे करत चालत राहिली. ती खाली बसली आणि तिला उठता येईना, तेव्हा प्राण्यांचे डॉक्टर आले, स्वयंसेवक आले, तिला उचलून उभे करण्यासाठी क्रेन आली. बातमी शहरभर पोचली. अमिताभ बच्चन यांनीही तिच्यासाठी मदतीचे आवाहन केले. ३० जूनला, रविवारी, बिजली गेली.

बिजलीचे दुखणे आपल्या घराघरांत रोज बोलले जाणारे होते. पायांचे सांधे झिजले होते आणि त्यांच्यावरचा भार त्यांना पेलवण्यापलीकडे गेला होता. जंगलात गवत, बांबू, झाडाची साल खाऊन जगणाऱ्या या प्राण्याने वर्षानुवर्षे वडापाव, मिठाया आणि बिस्किटे खाल्ली होती. ती देणारे हात क्रूर नव्हते. हत्ती दारात आला म्हणजे गणपतीच आला, या भावनेने लोकांनी तिच्यापुढे हात जोडले, लेकरांना तिच्या सोंडेला हात लावायला लावला आणि घरात होते ते तिला दिले. म्हणूनच बिजलीचे मरण मला जास्त अस्वस्थ करते. तिच्या सांध्यांवर पडलेल्या ओझ्यात आपल्या सर्वांच्या प्रेमाचाही वाटा होता.

प्राण्याचा सांधा किती वर्षे टिकेल हे ठरवण्यात जन्मजात ठेवणीचा आणि वयाचा वाटा असतोच. पण त्याखेरीज तीन गोष्टींचा हिशेब मोठा असतो : पायाखालची जमीन, अंगावरचे वजन आणि रोजची हालचाल. रानातला प्राणी या तिन्ही गोष्टी स्वतः ठरवतो. माणसाच्या आश्रयाला आलेल्या प्राण्याच्या बाबतीत त्या आपण ठरवतो. हे प्रकरण त्या जबाबदारीबद्दल आहे.

नळीचे टोक

सांधा समजून घ्यायला शवविच्छेदनाची गरज नाही. ज्यांच्या घरी मटण शिजते त्यांनी नळीचे टोक पाहिलेले असते. हाडाचा मधला भाग खडबडीत असतो, पण टोकाला निळसर पांढरा, गुळगुळीत, चमकदार थर दिसतो. तोच कूर्चेचा थर. दवाखान्यात डॉक्टर ‘गुडघ्यातली गादी झिजली’ असे म्हणतात, तेव्हा त्यांचा रोख बहुधा याच थराकडे असतो.

दोन हाडे जिथे भेटतात तिथे दोघांच्याही टोकांवर हे अस्तर असते. त्यांच्याभोवती एक पिशवी असते, तिला संधिकोश म्हणतात. पिशवीच्या आतल्या नाजूक आवरणातून एक चिकट, पारदर्शक द्रव पाझरतो. हेच आपले वंगण. हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे पट्टे म्हणजे अस्थिबंध, आणि स्नायूंची ओढ हाडापर्यंत पोचवणाऱ्या दोऱ्या म्हणजे कंडरा. खुब्याचा सांधा उखळीसारखा, कोपराचा बिजागरीसारखा, मनगटाचा लहान लहान खड्यांची रास एकमेकांवर सरकावी तसा. आकार वेगवेगळे असले तरी अस्तर, पिशवी आणि वंगण ही मांडणी उंदरापासून हत्तीपर्यंत सारखीच.

वंगणाची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत सांध्यातल्या कफाची तुलना चाकाच्या आसाला लावलेल्या तेलाशी केली आहे. बैलगाडीच्या काळात याहून नेमकी उपमा सापडली नसती. आधुनिक मोजमापांनीही सांध्याच्या गुळगुळीतपणाला दाद दिली आहे. निरोगी सांध्यातली कूर्चा कूर्चेवरून सरकताना होणारे घर्षण बर्फावरून बर्फ सरकताना होणाऱ्या घर्षणापेक्षाही कमी असते.

या कूर्चेचे गुपित पाण्यात आहे. तिच्या वजनाचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग पाणीच असतो. कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांची जाळी विणलेली असते आणि त्या जाळीत पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू अडकलेले असतात. पाऊल पडले की भार येतो आणि थोडे पाणी बाहेर पिळले जाते. पाऊल उचलले की ते पुन्हा आत शोषले जाते. ओला स्पंज दाबावा आणि सोडावा, तसे.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिच्यातल्या मोजक्या पेशींना अन्न मिळते ते याच ये-जा करणाऱ्या द्रवातून. हालचाल थांबली की सांध्याचे जेवणच थांबते. साखळीने एका जागी बांधलेला हत्ती विश्रांती घेतो आहे असे आपल्याला वाटते, पण त्याच्या कूर्चेची तेव्हा उपासमार होत असते.

कूर्चेत नसा म्हणजे मज्जातंतूही नसतात. झीज सुरू झाल्यावर पहिली काही वर्षे तिथून वेदनेचा संदेशच निघत नाही. दुखू लागते ते भोवतालची पिशवी सुजल्यावर, किंवा अस्तराखालच्या हाडावर ताण आल्यावर. प्राणी लंगडायला लागतो तेव्हा आजार जुना झालेला असतो.

कुत्र्याचा उलटा गुडघा

सोसायटीच्या आवारात मुले विचारतात, कुत्र्याचा गुडघा मागे का वळतो? मागच्या पायात जो ‘उलटा गुडघा’ दिसतो, तो कुत्र्याचा घोटा आहे आणि मागे निघालेले टोक ही त्याची टाच. खरा गुडघा त्याच्या बराच वर, पोटाजवळ असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वळतो. कुत्रा आणि मांजर बोटांवर चालतात, टाच कायम उचललेली असते. म्हैस आणि घोडा तर नखाच्या टोकावर चालतात, कारण खूर म्हणजे जाड झालेले नखच. आपण आणि अस्वल मात्र पूर्ण तळवा टेकवतो.

हत्तीची गंमत वेगळी. बाहेरून त्याचा पाय खांबासारखा आणि तळवा सपाट दिसतो, पण आत डोकावले तर सांगाडा जवळजवळ बोटांवर उभा असतो. बोटांच्या मागे चरबी आणि धाग्यांची मोठी उशी असते. पाऊल टेकले की ती पसरते, उचलले की आवळते. २०११ साली लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजमधील जॉन हचिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या उशीत एक जास्तीचे हाड असते, ते सहाव्या बोटासारखे आधार देते. हत्तीला चार गुडघे असतात असे अनेकजण सांगतात, तेही खरे नाही. पुढच्या पायात जे वाकते ते त्याचे मनगट. गुडघे मागचे दोनच.

चौपाया प्राण्याचा भार चारही पायांवर सारखा वाटलेला नसतो. डोके, मान आणि छाती पुढे असल्याने कुत्र्याच्या काय किंवा हत्तीच्या काय, वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पुढच्या पायांवर येतो. तरी उठताना आणि उडी मारताना जोर मागच्या पायांचाच लागतो. म्हणून खुबा आणि गुडघा दुखणाऱ्या कुत्र्याचे पहिले लक्षण चालण्यात दिसत नाही, उठण्यात दिसते.

मोठ्या देहाचे गणित

गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक साधा हिशेब मांडला. एखादा प्राणी सर्व बाजूंनी दुप्पट मोठा केला, तर त्याचे वजन आठपट होते, पण हाडाच्या कापाचे क्षेत्रफळ चारपटच वाढते. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार. मोठ्या प्राण्याला म्हणूनच जाड हाडे लागतात आणि जपून चालावे लागते. हत्ती उडी मारत नाही आणि घोड्यासारखा चौखूर उधळत नाही. वेगाने जातानाही त्याचा एक तरी पाय जमिनीवर असतो. त्याचे पाय सरळ उभे असतात, म्हणजे भार स्नायूंपेक्षा हाडांच्या खांबांवरून खाली उतरतो.

हाडे जाड होऊ शकतात, पण कूर्चेला मर्यादा आहे. तिला अन्न फक्त पाझरून मिळते, आणि फार जाड थराच्या तळाशी ते पोचणार नाही. २०१३ सालीच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरापासून हत्तीपर्यंत ५८ सस्तन प्रजातींच्या गुडघ्यातल्या कूर्चेची जाडी मोजली गेली. शरीर वाढते तशी कूर्चाही जाड होते, पण शरीर ज्या प्रमाणात वाढते त्या प्रमाणात नाही. काही टन वजनाच्या देहाखाली असलेले हे अस्तर मोजक्याच मिलिमीटरचे असते. निसर्गाने हत्तीला उंची, ताकद आणि दीर्घ आयुष्य दिले ते या पातळ थराच्या भरवशावर. मऊ मातीवर रोज मैलोन्‌मैल हळूहळू चालायचे, अधूनमधून पाण्यात शिरायचे, चिखलात लोळायचे, या जगण्याला तो थर पुरतो.

आपल्या पूर्वजांनी हत्तीचे शरीर फार बारकाईने पाहिले होते. पालकाप्याच्या नावावर असलेला ‘हस्त्यायुर्वेद’ हा हत्तीच्या वैद्यकाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ १८९४ साली पुण्याच्या आनंदाश्रमाने छापून प्रसिद्ध केला. महारोग, क्षुद्ररोग, शल्य आणि उत्तर अशी त्याची चार स्थाने आहेत. एका प्राण्याच्या आजारांवर एवढा मजकूर लिहिणाऱ्या परंपरेचे आपण वारस आहोत. मुलुंडच्या रस्त्यावर ते ज्ञान बिजलीच्या उपयोगी पडले नाही, याची खंत वाटते.

झीज कशी चढत जाते

‘वंगण संपले’ हे शब्द सोयीचे असले तरी आत घडते ते अधिक गुंतागुंतीचे असते. भार अति झाला, सांधा मुळात सैल असला किंवा जुनी दुखापत असली, की आधी कोलॅजनच्या जाळीचे धागे उसवतात. पाणी धरून ठेवणारे रेणू निसटू लागतात. कूर्चा आधी फुगते, मग मऊ पडते, मग तिच्यावर बारीक चिरा जातात. सुटलेले कण वंगणात तरंगू लागतात. पिशवीचे आवरण त्यांना परके समजून सुजते आणि असे रस सोडते जे उरलेल्या कूर्चेलाही खातात. अस्तर उडाले की खालचे हाड घट्ट आणि कठीण होते. सांध्याच्या कडेने हाडाचे काटे फुटतात. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणतात, ‘हाड वाढले आहे.’ सांध्याने स्वतःला स्थिर करण्याचा केलेला तो एक प्रयत्न असतो.

दुखते म्हणून प्राणी पाय कमी वापरतो. वापर कमी म्हणून स्नायू बारीक होतात. स्नायू बारीक म्हणून सांध्याला आधार कमी पडतो, आणि भार पुन्हा त्याच झिजलेल्या जागी येतो. बसून राहिल्याने वजन वाढते, ते वेगळेच. या चक्राला सुरुवातीला थांबवणे सोपे असते. शेवटच्या फेरीत मात्र क्रेनसुद्धा अपुरी पडते.

हत्तीच्या बाबतीत शेवटची फेरी फार क्रूर असते. दुखऱ्या सांध्यांचा हत्ती झोपायला आडवा होणेच टाळतो, कारण पुन्हा उठता येईल याची त्याला खात्री नसते. तो उभ्या उभ्या भिंतीला टेकून रात्र काढतो. एकदा का तो खाली पडला आणि फार वेळ तसाच राहिला, की त्याचेच वजन त्याचे स्नायू आणि नसा दाबते आणि श्वास घेणेही अवघड करते. कोसळलेल्या हत्तीला डॉक्टर सर्वांत आधी उभे करू पाहतात ते यासाठी.

डांबर, लादी, कोबा

आता उपनगरांची जमीन पाहू. मे महिन्याच्या दुपारी डांबरी रस्त्यावर अनवाणी पाऊल ठेवून पाहा. हत्ती ते तसेच ठेवत असतो. कडक पृष्ठभाग पावलाचा धक्का शोषत नाही, तो परत वर पाठवतो, आणि प्रत्येक पावलाला तो मनगट, कोपर आणि खांद्यापर्यंत जातो. मुंबईत व्हिक्टोरिया ओढणाऱ्या घोड्यांचेही हेच होत असे. खुराखाली लोखंडी नाल आणि नालेखाली डांबर किंवा काँक्रीट. २०१५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, त्यामागे घोड्यांच्या हालांचा मुद्दा होता.

गोरेगावची आरे दुग्ध वसाहत १९४९ साली वसली. शहरात ठिकठिकाणी दाटीवाटीने बांधलेल्या म्हशी तबेल्यांसह तिथे हलवाव्यात, ही त्यामागची योजना. म्हैस ही मुळात पाणथळ जागेतला प्राणी. डबक्यात बसली की पाणी तिचे वजन उचलते आणि चारही पायांचे सांधे तेवढा वेळ मोकळे होतात. तबेल्याच्या ओल्या, कडक कोब्यावर दिवसभर बांधून ठेवल्यावर हे सुख संपते. खूर मऊ पडतात, वेडेवाकडे वाढतात, पाय तिरका पडतो आणि भार सांध्याच्या एकाच बाजूला येतो. खुरांची वेळच्या वेळी छाटणी आणि बसायला कोरडी, मऊ जागा ही म्हशीसाठी सांध्याची औषधेच आहेत. परळला १८८६ साली सुरू झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे आवार याच आरेच्या परिसरातही आहे, आणि उपनगरांतल्या कितीतरी गुराढोरांनी त्याचा आधार घेतला आहे.

तिसरी जमीन आपल्या घरातली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरच्या नव्या इमारतींत आरशासारख्या चकचकीत लाद्या असतात. माणसाला त्या पुसायला सोप्या. कुत्र्याच्या पंजाला मात्र तिथे पकड मिळत नाही. दाराची बेल वाजली की लॅब्रॅडॉर धावतो, वळताना मागचे पाय बाहेर घसरतात आणि खुब्याला हिसका बसतो. जन्मतः ज्याची उखळ उथळ आहे अशा पिल्लाला असे शेकडो हिसके महाग पडतात. खुब्याच्या या दोषाचे वर्णन अमेरिकेत १९३५ सालीच झाले. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर अशा मोठ्या जातींत तो आनुवंशिक आहे, पण तो किती बिघडेल हे वाढीच्या महिन्यांत ठरते. नॉर्वेतील एका अभ्यासात (२०१२) असे दिसले की तीन महिन्यांच्या आत जिन्यांवरून चढउतार करणाऱ्या पिल्लांत या दोषाचा धोका जास्त होता, आणि मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळे बागडणाऱ्या पिल्लांत कमी. लिफ्ट बंद पडली म्हणून छोट्या पिल्लाला चार मजले चढवू नका, उचलून न्या. सकाळी त्याला पाच मिनिटे का होईना, मातीच्या मैदानात सोडा.

एक चतुर्थांश घास

आहाराचा आणि सांध्याचा संबंध किती थेट आहे, हे दाखवणारा एक सुंदर प्रयोग अमेरिकेत झाला. १९८७ साली ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या २४ जोड्या लावल्या गेल्या. जोडीतल्या एकाला जेवढे अन्न मिळे, त्याच्या भावंडाला त्यापेक्षा २५ टक्के कमी. बाकी सगळे सारखे. शास्त्रज्ञांनी चौदा वर्षे, म्हणजे त्या कुत्र्यांची आयुष्ये संपेपर्यंत, नोंदी ठेवल्या. २००२ साली निष्कर्ष छापून आले. भरपूर खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य ११.२ वर्षे भरले, कमी खाणाऱ्या गटाचे १३ वर्षे. सांध्यांच्या झिजेसाठी निम्म्या कुत्र्यांना कायमचे औषध सुरू करण्याची वेळ पहिल्या गटात सुमारे १०.३ व्या वर्षी आली, दुसऱ्यात १३.३ व्या वर्षी. तीन वर्षे ! कुत्र्याच्या आयुष्यात तीन वर्षे म्हणजे जवळजवळ पाव जन्म.

ही तीन वर्षे कोणत्याही गोळीने मिळवलेली नाहीत. ताटलीतला एक चतुर्थांश घास कमी केल्याने मिळाली. चहाबरोबरचे बिस्कीट, पोळीचा तुकडा, ‘बघ कसा बघतोय’ म्हणून दिलेला वड्याचा घास हे सगळे प्रेमाने दिले जाते आणि सांध्याने फेडले जाते. आपल्या कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवा. हलक्या दाबाने बरगड्या मोजता आल्या तर वजन ठीक. मोजायला बोटे रुतवावी लागली, तर ताटली लहान करण्याची वेळ झाली आहे.

न बोलणारे दुखणे

प्राणी दुखणे लपवतात. रानात लंगडणारा प्राणी शिकाऱ्याच्या डोळ्यात भरतो, म्हणून ही सवय त्यांच्या रक्तात आहे. मांजर तर या कलेत सर्वांत निष्णात. बारा वर्षांपुढच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासलेल्या एका अभ्यासात ९० मांजरांत सांध्यांच्या झिजेच्या खुणा सापडल्या. त्यांतल्या बहुतेकांच्या मालकांना काही कळलेही नसावे. मांजर लंगडत नाही. ते फ्रीजवर चढणे सोडते, आधी खुर्चीवर मग ओट्यावर अशी दोन टप्प्यांत उडी घेते, पाठीचा केसाळ भाग चाटून साफ करणे बंद करते. आपण म्हणतो, ‘आता म्हातारी झाली, शांत झाली.’

कुत्र्यात पाहायचे ते सकाळी उठल्यावरच्या पहिल्या दहा पावलांचे अंतर. ताठरलेले अंग चालता चालता मोकळे झाले, तर झिजेची शंका घ्यावी. रिक्षात उडी मारायला कुरकुर करणे, जिना टाळणे, मागचे दोन पाय सशासारखे एकत्र टाकणे, एकाच मांडीचा स्नायू बारीक होणे, हात लावल्यावर अचानक गुरगुरणे, एखादाच सांधा सतत चाटणे याही खुणा. मोबाइलवर त्याच्या चालण्याचा आणि उठण्याचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात भीतीने तो ताठ चालतो आणि खरे दुखणे घरीच राहते.

औषध, आणि त्याची सावली

सांध्यांच्या दुखण्यावरच्या एका औषधाने आपल्या देशाचे आकाश रिकामे केले, ही गोष्ट प्रत्येकाने ऐकायला हवी. डायक्लोफेनॅक हे माणसांचे वेदनाशामक विसाव्या शतकाच्या अखेरीस गुराढोरांनाही दिले जाऊ लागले. स्वस्त होते, लंगडणारा बैल चालू लागे. तो पुढे मेला आणि गिधाडांनी त्याचे मांस खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे बंद पडत आणि शरीरात युरिक आम्लाचे खडे साठून ती काही दिवसांत मरत. एकेकाळी गावोगावी दिसणारे पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड १९९२ ते २००७ या काळात भारतातून ९९ टक्क्यांहून अधिक घटले. मलबार हिलवरच्या पारशी समाजाच्या दख्म्यावर गिधाडांच्या भरवशावर चालणारी अंत्यविधीची जुनी रीत सांभाळणे अवघड होऊन बसले. २००४ साली पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या अभ्यासातून कारण उघड झाले. २००६ साली भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली, आणि २०२३ साली केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक यांच्यावरही. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित ठरलेले पर्यायी औषध आहे.

या कथेतून घरच्यांसाठीही एक धडा निघतो. माणसांच्या कपाटातली वेदनाशामक गोळी प्राण्याला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. डॉक्टर वजन आणि रक्ततपासणी पाहून मात्रा ठरवतात. कुत्र्या-मांजरांसाठी वेदनेचा संदेश अडवणारी महिन्याला एकदा टोचायची नवी औषधेही जगात आली आहेत. मांजरांसाठीच्या अशा एका औषधाला अमेरिकेने २०२२ च्या जानेवारीत मान्यता दिली. पण कोणतेही औषध गेलेली कूर्चा परत आणत नाही. ते वेदना कमी करते, त्यामुळे प्राणी हलतो, आणि हालचालीने उरलेला सांधा जगतो.

पाणी आणि माती

बिजली गेली त्याच वर्षी मुंबईच्या रस्त्यांवर भीक मागणारी लक्ष्मी नावाची दुसरी एक अतिवजनी हत्तीण वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने मथुरेला हलवली. तिथे तिचा आहार मिठायांवरून हिरव्या चाऱ्यावर आणला गेला, रोज मातीत चालणे सुरू झाले आणि तिचे वजन उतरू लागले. २०१८ साली त्याच ठिकाणी देशातले पहिले हत्ती-रुग्णालय उभे राहिले. एक्स-रे आहे, पाण्यातला व्यायाम आहे. आणि २०२५ च्या जुलैमध्ये नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण, म्हणजे लोकांची लाडकी माधुरी, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जामनगरला गेली, तेव्हा कोल्हापूर जिल्हा हळहळला आणि रस्त्यावर उतरला. तिने कुठे राहावे यावर लोकांची मते टोकाची आहेत आणि ती मनापासूनची आहेत. मला त्या दिवसांत एक गोष्ट लक्षात राहिली : हत्तीचा संधिवात, तळव्यांच्या जखमा, वाढलेली नखे हे विषय पहिल्यांदाच चावडीवर, एसटीत, चहाच्या टपरीवर बोलले गेले. ज्यांना तिची माया आहे त्यांनी तिच्या पायांबद्दलही बोलावे, ही चांगली सुरुवात आहे.

हत्ती सांभाळणे आपल्यापैकी कुणाच्याच हाती नाही. पण उपनगरातल्या दोन खोल्यांच्या घरात कोपऱ्यात झोपलेला म्हातारा कुत्रा अनेकांच्या घरी आहे. त्याच्यासाठी आज रात्री करता येईल असे काम सांगतो. कपाटावरची जुनी सतरंजी काढा. त्याच्या झोपण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत ती लादीवर अंथरा, कडा चिकटपट्टीने घट्ट बसवा. त्याची नखे आणि पंजामधले केस कापा. उद्या सकाळी तो उठेल तेव्हा घाई करू नका, साखळी ओढू नका. पहिली दहा पावले त्याला त्याच्या गतीने टाकू द्या आणि त्याचे मागचे पाय घसरतात का, ते शांतपणे पाहा.